धुऱ्यावरची हजेरी

"पान लागलं काय?"

मनोहरभाऊजी गेले, असं मी ज्याला ज्याला फोनवर सांगितलं त्याने पहिला प्रश्न हाच विचारला. साप चावला असं आमच्याकडे तोंडाने म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. नालवाडीच्या माझ्या घरी सकाळी सातला सचिनचा, म्हणजे भाऊजींच्या मुलाचा फोन आला होता. तो पुण्याहून निघाला होता आणि रडत रडत सांगत होता, मोठीआई (थोरल्या काकूला तो असंच म्हणतो), तू आधी पोहोच. मी दोन पातळं पिशवीत कोंबली आणि गावाकडे, अल्लीपूरला जाणारी बस धरली. बसमध्ये बसल्या बसल्या नातेवाइकांना कळवायला घेतलं, तर एकामागून एक सगळे तेच... पान लागलं काय? चौथ्या फोनला माझं डोकं फिरलं. "नाही हो, नाही लागलं! खाटेवर बसून चहा प्यायले, कप खाली ठेवला आणि गेले. हृदय बंद पडलं. जन्मभर सापाला वाट देणाऱ्या माणसाला साप कशाला चावेल?" सगळी बस माझ्याकडे बघायला लागली. जन्म शाळेत शिकवण्यात गेल्यामुळे माझा आवाज असाही मोठाच आहे. मग मी खिडकीकडे तोंड फिरवलं, आणि तिथे मात्र मला रडू आवरलं नाही.

या गोष्टीला आता दीड महिना होत आला. आमची शेवटची भेट त्याच्या आधी पोळ्याला झाली होती. पुरणपोळी खाऊन ओट्यावर बसलो होतो. भाऊजींनी तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकला (त्यावरून मी त्यांना तीस वर्षं बोलले, काही उपयोग झाला नाही) आणि म्हणाले, "औंदा सोयाबीन कहाडाले तुमी येजा वैनी. मशिनीपुढं चालतानी मले आता दम लागते." मी हसले. म्हटलं, हार्वेस्टरपुढे चालायला मी काय तुमच्यासारखी येडी आहे? तेही हसले. मग म्हणाले, "मी नसलो तं धुरा राहीन काय वैनी?" सणाच्या दिवशी हे काय बोलणं, म्हणून मी विषय उडवून लावला. उत्तर दिलं नाही. ते न दिलेलं उत्तर गेला दीड महिना माझी पाठ सोडत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. आमच्या सासऱ्यांच्या मागे दोघा भावांत वावर वाटलं गेलं. पाच एकर माझ्या यजमानांकडे आले, पाच मनोहरभाऊजींकडे, आणि मधोमध हा धुरा सामाईक राहिला. साधासुधा नव्हे. बैलबंडी चालून जाईल एवढा रुंद, त्यावर चार बोरी, दोन बाभळी, एक वाकडा पळस, पिढ्यानपिढ्या वावरातून वेचून टाकलेल्या काळ्या दगडांची रास, एक वारूळ आणि उताराच्या टोकाला पावसाळाभर टिकणारं डबकं. आजूबाजूच्या सगळ्या कास्तकारांनी आपापले धुरे केव्हाच जेसीबीने काढून टाकले, तारेच्या कुंपणापर्यंत पेरतात. आमचाच तेवढा राहिला होता, आणि खरं सांगते, मला त्याची लाज वाटायची. यजमान गेल्यावर माझं वावरही भाऊजीच वाहायचे. मी महिन्यातून एकदा नालवाडीहून यायची, चपला हातात घेऊन वावरभर फिरायची आणि जाताना हमखास म्हणायची, "भाऊजी, हा उकिरडा काढला तर दोघांचीही पिकाची चार-चार तासं वाढतील." ते म्हणायचे, "वाढतीन ना." बस, एवढंच. तुम्ही भांडायला जावं आणि समोरच्याने मान डोलवावी, याच्यासारखा संताप दुसऱ्या कशाने येत नाही.

गावात लोक त्यांना सर्पमित्र समजायचे. साफ खोटं! भाऊजींनी उभ्या जन्मात एकही साप हातात धरला नाही. त्यांना सापाची भीती वाटायची, आणि ती ते लपवायचेही नाहीत. कोणाच्या घरात साप निघाला की बोलावणं यायचं आणि हे म्हणायचे, "मी काय करू जी तिथं येऊन? मले भेव लागते. दार उघडं ठेवा, गर्दी हटवा, जाईन तो आपल्या वाटेनं." भीती वाटते म्हणून बाकीचे काठी घेऊन मारायला धावतात, हे भीती वाटते म्हणून बाजूला सरायचे. नागपंचमीला आमच्याकडे कोणी वखर चालवत नाही, विळा लावत नाही, जमीन खणत नाही. भाऊजी त्या दिवशी फार खुशीत असायचे. म्हणायचे, "आज सारं गाव माह्यासारखं येडं झालं बाप्पा. उद्या पुन्हा शहाणं होते."

हे वेडेपण नेमकं काय होतं, ते मी हार्वेस्टरच्या वेळी पाहिलं. पंजाबातून मशीन घेऊन येणारा गुरमेल नावाचा ड्रायव्हर दरवर्षी आमचं सोयाबीन काढतो. जगात सगळे शेतकरी मशीन कडेने घालतात आणि गोल गोल फिरत मध्यावर येऊन थांबतात. भाऊजींची पद्धत उलटी. आदल्या दिवशी दोन बाया लावून ते धुऱ्यापासून वावराच्या मध्यापर्यंत एक पट्टा विळ्याने कापून घ्यायचे, मशीन त्या पट्ट्यातून थेट मधात न्यायला लावायचे आणि तिथून फिरत फिरत बाहेर. पहिल्या वर्षी गुरमेल वैतागला. "चाचाजी, सारी दुनिया बाहर से काटती है!" भाऊजी आपल्या हिंदीत त्याला म्हणाले, "बाहर से काटेंगे तो अंदरवाले किधर जाएंगे?" गुरमेलला वाटलं आत कोणी मजूर आहेत. तो घाबरून मशीनवर उभा राहून बघायला लागला.

आतले म्हणजे धामण, घोरपड, सरडे, बेडकं. कडेने कापत आलं की ती मागे मागे सरकतात, उभ्या पिकात लपतात आणि शेवटचा तुकडा राहिला की सगळी त्यातच सापडतात. तो तुकडा कापताना पात्यात काय काय येतं हे गुरमेलला माहीत होतं, रोज मशीन धूत होता तो. मधातून कापत बाहेर आलं की तीच जनावरं उभ्या पिकाच्या आडोशाने पुढे पुढे सरकत धुऱ्यापर्यंत पोहोचतात. मशीनच्या बरंच पुढे, तासातून, म्हणजे पिकाच्या दोन ओळींमधून भाऊजी स्वतः चालायचे. हातात टोकाला लोखंडी शेंबी बसवलेली जाड काठी. ती जमिनीवर आपटत, "चला... निघा बाप्पा... चला बाई, घरी चला..." सापाला हाक ऐकू येत नाही, जमिनीचा हादरा कळतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग हाका कशाला मारता, असं मी विचारलं तर म्हणाले, "ते माह्यासाठी हाय वैनी. चूप राह्यलो तं मलेच भेव लागते."

मशीन थांबली की ते धुऱ्यावर बोरीखाली बसायचे. चहा घ्यायचे आणि आज कोण कोण धुऱ्यात शिरलं ते एकेक करून सांगायचे. धामण, एक. घोरपड, दोन. "बेडकं काई मोजता नाई आले." मी म्हणायची, हजेरी घेता काय भाऊजी? तर म्हणायचे, "घेतली पाह्यजे ना. तुमच्या वर्गातलं पोट्टं घरी नाई पोचलं तं तुमाले झोप येईन काय?" पण तेव्हा मला ते सारं हसण्यावारी वाटायचं. त्या माणसाच्या वावरात उंदरांनी कधी फार नासाडी केली नाही, धुऱ्याला लागून ते तणनाशक मारू देत नसत तरी पीक गावाच्या बरोबरीने यायचं, हे सगळं मी बघत होते आणि तरी मला दिसत नव्हतं.

आता माझी गोष्ट सांगते. सांगायला जड जाते, पण ती सांगितल्याशिवाय भाऊजी काय होते ते कळायचं नाही.

काही वर्षांपूर्वी भर वैशाखात भाऊजींच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पंधरा दिवस वावरात जायचं नाही म्हणून बजावलं होतं. आमच्याकडे पेरणीच्या आधी वावरातला काडीकचरा पेटवून द्यायची रीतच आहे, सगळीकडे धूर निघत होता. मी मनात म्हटलं, हीच वेळ. आता पेटवून घेऊ, पुढच्या वर्षी जेसीबी लावू, भाऊजी चार दिवस रुसतील आणि विसरतील. मात्र मी काही दुष्ट नव्हते हो. भाऊजींची रीत मी बघितलेली होती. आदल्या दिवशी मजुराला घेऊन मी स्वतः धुऱ्यावर गेले, त्यांचीच काठी घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत आपटायला लावली आणि शाळेत द्यायचे तशी मोठ्याने हाकही दिली, उद्या इथे आग लागणार आहे, सगळ्यांनी निघा! मजूर तोंड लपवून हसत होता. मला वाटलं, झालं, आपण नोटीस दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी धुरा पेटवला. वारा होता. दोन तासांत सगळं काळं झालं.

संध्याकाळी भाऊजी आले. डोळ्यावर हिरवी पट्टी, एक डोळा उघडा, वावरात पाऊल ठेवायचं नाही असं सांगितलेलं असताना ते धुऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. मी मागे मागे. घोरपड तिच्या बिळाच्या तोंडाशीच पडलेली होती, तोंड वावराकडे. धामण दगडांच्या राशीत होती, निम्मी आत, निम्मी बाहेर. बोरीच्या मुळाशी भाऊजींनी काठीने माती उकरली, तर आत उन्हाळा काढायला बसलेली बेडकं होती... ती मी नीट बघितली नाही. माझ्याने बघवलं नाही. मी म्हटलं, "भाऊजी, मी नोटीस दिली होती. तुमच्यासारखी काठी आपटली होती. हाक दिली होती." ते माझ्याकडे वळले. मला वाटलं आता ओरडतील, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं.

"आवाज देल्ला, ते बरोबर केलं," ते हळू म्हणाले. "पण जातीन कुठी वैनी? वैशाखात वावर वखरून पडलं हाय. सावली नाई, ओल नाई, लपाले भेग नाई. सोयाबीनच्या टायमाले मी आवाज देतो तो धुऱ्यात जा म्हून देतो. धुराच पेटवला, तं मंग कुठी जा म्हनाचं त्याईले?"

चौतीस वर्षं मी मुलांना शिकवलं. एवढा साधा धडा मला कोणी शिकवला नव्हता. मी तिथेच राखेत बसले आणि रडले. भाऊजींनी मला रडू दिलं, मग म्हणाले, "रडून काय होते? फुटके माठ हायेत काय घरी?"

मला वाटलं डोळ्यासोबत डोकंही बिघडलं. पण त्यांना खरोखरच फुटके माठ हवे होते. काळ्या पडलेल्या धुऱ्यावर ते पालथे मांडायचे, वर मातीचा थर, बाजूला तुराट्यांचे ढीग, म्हणजे उरलंसुरलं कोणी असेल त्याला पाऊस लागेपर्यंत आडोसा होईल. मग काय, मी नालवाडीत घरोघर हिंडले. मास्तरीणबाई फुटके माठ मागत फिरतात, ही बातमी सगळ्या गल्लीत पसरली. दोन-दोन माठ पोत्यात घालून मी बसने आणायची. एकदा कंडक्टर म्हणाला, "मॅडम, नवा माठ नेत्येत लोक. तुमी फुटका काऊन नेऊन राह्यल्या?" मी म्हटलं, "पाहुण्यांसाठी." त्याने पुन्हा विचारलं नाही. भाऊजी एका डोळ्याने माठ मांडायचे आणि मी माती ओढायची. त्या उन्हाळ्यात ते मला एका शब्दाने टोचून बोलले नाहीत, पुढेही कधी नाही. माझ्या हातून घडलेलं त्यांनी माझ्याच हातून निस्तरून घेतलं. असा माणूस मी दुसरा बघितला नाही.

धुरा भरून यायला वर्षं लागली. बोरी फुटल्या, पळस फुटला, बाभळी गेल्या त्या गेल्याच. पहिल्या पावसाळ्यात डबक्यातून एकही आवाज आला नाही, दुसऱ्यात जेमतेम एक-दोन. तिसऱ्या वर्षी श्रावणात भाऊजींचा फोन आला. बोललेच नाहीत. फोन नुसता डबक्याकडे धरला होता. पलीकडून बेडकांचा असा काही गलका येत होता की मी चुलीवरचं दूध विसरले. ते उतू गेलं आणि मी फोन कानाला लावून हसत उभी.

आणि आता ते गेले. तेराव्यानंतर सचिन माझ्याजवळ बसला. पोरगा वाईट नाही, पुण्यात नोकरी, दोन लेकरं, त्याच्याने अल्लीपूरला वावर वाहणं होणार नाही हे मलाही कळतं. एक माणूस दोन्ही वावरं मक्त्याने, म्हणजे भाड्याने कसायला घ्यायला तयार होता. अट एकच, दहा एकरांचा एकच सलग तुकडा पाहिजे, धुरा जेसीबीने काढून देणार. धुरा सामाईक, म्हणून माझा होकार पाहिजे. सचिन म्हणाला, "मोठीआई, तूच तर म्हणायचीस ना, उकिरडा काढा म्हणून?"

म्हणत होते. वीस वर्षं म्हणत होते. मी त्याला म्हटलं, "होकार देत नाही. पण तू सोयाबीन काढायला ये. तुझ्या बापाची शेवटची पेरणी आहे. ती काढताना धुऱ्यावर उभा राहा, आणि मग बोल." तो घड्याळाकडे बघत हो म्हणाला.

परवा गुरमेल आला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मशीनवरून उतरून इकडे तिकडे बघत म्हणाला, चाचाजी? मी सांगितलं. तो मशीनच्या पायरीवर खाली मान घालून बसला. आदल्या दिवशी मी दोन बायांना घेऊन पट्टा कापून ठेवला होता, तो बघून उठला आणि म्हणाला, "माताजी, आगे कौन चलेगा?"

काठी मी घरातून आणली होती, दाराच्या मागे जिथे ती असायची तिथून. शेंबी आपटून आपटून झिजून पातळ झाली आहे. मी पदर खोचला आणि तासात शिरले. मागे मशीनचा घरघराट, पुढे कमरेएवढं वाळलेलं सोयाबीन, आणि मला भीती वाटत होती, अगदी खरी. काठी आपटली. तोंडातून आवाज फुटेना. वर्गात कधी अशी वेळ आली नव्हती. मग भाऊजी कशासाठी हाका मारायचे ते आठवलं आणि मी जोरात ओरडले, "चला बाप्पा, निघा... घरी चला..." गुरमेलने मला मध्ये मध्ये थांबायला लावलं, पाणी पाजलं, पण शेवटच्या फेरीपर्यंत मी चालले. धुऱ्यालगतचं पीक उरलं तेव्हा सचिन बोरीखाली हाताची घडी घालून उभा होता. आणि एकदम तो ओरडला, "मोठीआई! गेली! धामण गेली, दगडात! अगं केवढी..." मग घोरपड. मग त्याचं ओरडणं थांबेचना, चाळिशीचा बाप्या नुसता हात दाखवून नाचत होता.

मशीन थांबल्यावर आम्ही धुऱ्यावर बसलो. चहा ओतला. सचिन म्हणाला, बाबा याच्यानंतर काय करायचे? म्हटलं, हजेरी घ्यायचे. त्याला वाटलं मी चेष्टा करते आहे. मी काठी मांडीवर आडवी घेतली आणि सुरू केलं.

"धामण?"

"हजर," सचिन म्हणाला. "एक."

"घोरपड?"

"हजर. दोन हाय."

"बेडकं?"

"मोजता नाई आले मोठीआई." पुण्याला गेल्यापासून त्याच्या तोंडून आमची भाषा मी ऐकली नव्हती. मी पुढचं नाव घेणार होते, भाऊजींचं, आणि तिथेच थांबले. सचिनने ते ओळखलं असावं. त्याने माझ्या मांडीवरची काठी उचलली आणि शेंबी धुऱ्यावर एकदा आपटली. पायाखाली हादरा कळला. मग म्हणाला, "मक्त्याले द्याचं तं धुऱ्यासकट देऊ. नाई घेतलं त्यानं तं दुसरा पाहू."

पोळ्याच्या दिवशी ओट्यावर बसून विचारलं होतं ना तुम्ही? उशीर झाला, पण उत्तर देते. धुरा राहीन, भाऊजी.